भिंतीवर काय काढायचं?

सोसायटीच्या मागच्या भिंतीवर ‘काहीतरी आर्टिस्टिक’ काढायचं, हा ठराव सभेत एकमताने मंजूर झाला. नेमकं काय काढायचं हे त्यात नव्हतं, म्हणूनच एकमत झालं. काम माझ्या गळ्यात पडलं, कारण शाळेत मी इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेत बी ग्रेड मिळवली होती आणि ही बातमी बायकोने कुठेतरी सांगून ठेवली होती.

भिंतीचं दुखणं जुनंच. येणारा-जाणारा तिच्याकडे तोंड करून उभा राहतो. देवादिकांच्या टाइल्स लावून झाल्या. लोक दोन टाइल्सच्या मधली जागा हेरतात.

भाचा म्हणाला, “मामा, स्टेन्सिल करू. बँक्सीसारखं.” मग मी कमिटीला बँक्सी समजावला. इंग्लंडचा, तोंड न दाखवणारा. घरी निवांत कापून न्यायचं, भिंतीवर झटपट फवारायचं आणि पोलीस यायच्या आत पसार व्हायचं, ही स्टेन्सिलची खरी सोय. “आपण कशाला पसार व्हायचं? आपण मेंटेनन्स भरतो,” चेअरमन म्हणाले. त्याच्याही आधी, 1981च्या सुमारास, पॅरिसमध्ये ब्लेक ल रा नावाच्या माणसाने भिंतीभिंतीवर उंदीर छापले होते, हे सांगितल्यावर आमच्या पेस्ट कंट्रोलचं बिल निघालं आणि उंदीर बाद झाले. खजिनदार मात्र प्रथमच सावरून बसले, ते लिलावाचा किस्सा ऐकून. 2018 साली लंडनमध्ये बँक्सीचं चित्र विकलं गेलं आणि हातोडा पडताच फ्रेममधल्या यंत्राने ते अर्धं फाडलं. तेच अर्धवट फाटलेलं चित्र 2021 मध्ये 1 कोटी 85 लाख पौंडांना गेलं. “म्हणजे खराब झालं तरी चालेल,” असं त्यांनी वहीत टिपून घेतलं.

सूचनांचा पाऊस पडला. वारकरी काढा. पण त्यांच्या पायांशी काय होणार, हा प्रश्न कुणी उच्चारला नाही, सगळ्यांनी विचारात मात्र घेतला. झाड काढा, असा आग्रह ज्यांनी धरला त्यांच्याच पार्किंगसाठी खरं झाड तोडलं होतं. शेवटी ‘पाणी वाचवा’ पुढे आलं आणि भाच्याने कटर काढला.

तिथे खरी गंमत कळली. स्टेन्सिलमध्ये चारही बाजूंनी बंद असलेला भाग कापला की त्याच्या आतला तुकडा गळून पडतो. त्याला धरून ठेवायला मध्ये बारीक पूल सोडावा लागतो. आपल्या अक्षरांवर शिरोरेषेचं झाकण! ‘प’ कापला, पोट खाली. ‘व’ कापला, पोट खाली. जमिनीवर पोटांचा ढीग. शिरोरेषा मध्ये मध्ये तोडली आणि ‘व’च्या गोलात पूल सोडला की भागतं, पण दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मराठीच्या बाई म्हणाल्या, “माझ्या डोळ्यांदेखत शिरोरेषा तोडायची नाही.”

मग अक्षरंच रद्द. माझा कौल ठाम होता: रस्त्यावरून एका नजरेत कळेल अशी भरीव आकृती घ्यायची, आत नक्षीकाम नको. हाताची घडी घालून रोखून बघणारी आजी ठरली. पोझ बाईंनीच दिली, “पदर नीट काढा” या अटीवर. स्टेन्सिल कापलं सगळ्यांच्या घरच्या जुन्या एक्स-रे फिल्म जोडून, त्यामुळे आजीच्या खांद्याशी तळमजल्यावरच्या काकांचा गुडघा होता. आत पडू शकणारे तुकडे दोनच, चष्म्याच्या काचा. त्यांना पूल म्हणून चष्म्याच्या काड्याच कानापलीकडे कडेपर्यंत नेल्या. स्प्रेचा डबा वीतभर लांब धरून पातळ थर दिले. जवळ धरला की रंग ओघळतो, आणि त्या भिंतीवर ओघळ मुळातच पुष्कळ होते.

भिंत आता कोरडी आहे. मंडळी समोरच्या सोसायटीच्या भिंतीकडे वळली आहेत. त्यांच्या सेक्रेटरींनी आजी भाड्याने मागितली आहे. दर ठरवायला रविवारी सभा आहे, सभासदांनी वेळेवर यावं.