माल बरा आहे

इंग्लंडच्या पूर्वेला सफक नावाचा परगणा आहे आणि त्यात बरी सेंट एडमंड्स हे बाजाराचं गाव. तिथले लोक ‘बेरी’ म्हणतात. मी मात्र ‘बरी’च लिहिणार, कारण ज्या गृहस्थांची ओळख करून द्यायची आहे, त्यांच्या तोंडून मालाची तारीफ ‘बरा आहे’च्या पुढे उभ्या जन्मात गेलेली नाही.

हे गृहस्थ म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतले भुसार व्यापारी. आपल्याकडे पेठ तिथे आडत्या, तसे तिकडे बाजारगाव तिथे हे. लोक त्यांना ‘कॉर्न मर्चंट’ म्हणत. इथे कॉर्न म्हणजे मका नव्हे हो! गहू, बार्ली, ओट, वाटाणा, जे जे पोत्यात भरतं ते सगळं कॉर्न. आपण त्यांना शेटजी म्हणू. काळी उंच टोपी, सोन्याची साखळी, आणि कोटाचे खिसे असे की त्यात एखादं कोकरू मावावं. खिशांत वानगीच्या पिशव्या असतात. गुरुवारी सकाळी बाई अंगणात कोट झटकायला आल्या की गावातल्या चिमण्या आधीच हजर.

शेटजींचा आठवडा पंचांगासारखा ठरलेला. सोमवारी आगगाडीने लंडनला मार्क लेनच्या धान्यबाजारात, बुधवारी बरीत, शनिवारी नॉर्विचला. रविवारी प्रार्थनामंदिरात. तिथेही देवाकडे मागणं धान्याचंच असतं, फक्त त्यात थोडी पंचाईत असते. कोठारात माल पडून असेल तर पाऊस हवा, माल घ्यायचा असेल तर ऊन हवं. हे देवाला उघड सांगता येत नाही, म्हणून ते नुसते डोळे मिटून बसतात.

बुधवार बघण्यासारखा. 1862 साली बरीत धान्यबाजाराची नवी इमारत उभी राहिली. पुढे खांबांची ओळ, वर काचेचं छप्पर. असल्या इमारतींत उजेड शक्यतो उत्तरेकडून घेत, कारण थेट ऊन पडलं की हलका गहूसुद्धा सोन्यासारखा दिसतो, आणि शेतकऱ्याचा माल सोन्यासारखा दिसणं शेटजींना परवडत नाही. आत प्रत्येक व्यापाऱ्याचं भाड्याचं मेज. घंटा वाजते आणि शेतकरी हातात छोटी पिशवी घेऊन पुढे येतो.

मग सुरू होतो तो सोहळा. शेटजी पिशवीतले दाणे तळहातावर ओततात. हात हलवून ते पसरतात. फुंकर मारतात. दोन कोंडे उडतात, त्यांच्याकडे असं बघतात की सगळं पोतं कोंड्याचंच आहे. नाक खाली नेतात. कोठारात गरम झालेला माल त्यांना वासावरून कळतो, आणि खरोखर कळतो, ही थट्टा नाही. मग एक दाणा दाढेखाली. कडक वाजला तर कोरडा, दबला तर ओला. बार्ली असेल तर दाणा मधोमध कापून आतला पांढरेपणा बघायचा, कारण बार्ली दारूच्या भट्टीला जायची आणि खरा पैसा तिच्यात. हे सगळं झालं की शेटजी दाणे पिशवीत परत टाकतात आणि खिडकीबाहेर बघतात. घरात कुणी गेल्याची तार आल्यासारखा चेहरा.

‘बरा आहे,’ ते म्हणतात.

‘बरा?’ शेतकरी भडकतो. ‘अख्ख्या परगण्यात असा गहू दाखवा!’

‘दाखवला असता. पण परगण्यातला सगळाच यंदा ओला आहे.’

‘गेल्या बुधवारी म्हणालात फार कोरडा आहे, पिठाला उतरणार नाही!’

‘तो गेल्या बुधवारचा.’

अर्धा तास अर्ध्या शिलिंगावरून घासाघीस. शेतकरी पिशवी बांधून तीनदा निघून जातो आणि तीनदा दुसऱ्याच कुणाशी तरी बोलायचं राहिलं म्हणून परत येतो. शेवटी हातावर हात आपटतो आणि सौदा होतो. आपल्याकडे रुमालाखाली बोटं दाबून जे गुपचूप व्हायचं, ते इथे टाळीसारखं वाजवून. मात्र नंतर दोघांच्या चेहऱ्यावरचं दुःख दोन्ही देशांत सारखंच. दोघेही बुडालेले असतात. फक्त शेटजींचं घर दर दहा वर्षांनी एका खोलीने वाढतं, ते कसं, हे त्यांनाही सांगता येत नाही.

सौद्यात भाव ठरतो, पण किती मालाचा? सरकारने 1824 सालीच सगळ्या राज्यासाठी एक बुशेल ठरवून दिलं होतं. बाजारांनी कायद्याला नमस्कार केला आणि आपापली मापं चालू ठेवली. सफकमध्ये हिशोब कूंबचा. कूंब म्हणजे चार बुशेल, म्हणजे एक पोतं. गव्हाचं पोतं 18 स्टोनचं, बार्लीचं 16, ओटचं 12. शेजारच्या परगण्यात गेलात की नवा हिशोब. लंडनचा भाव क्वार्टरवर, म्हणजे आठ बुशेलवर. हे सगळं तोंडी फिरवता येणं हीच शेटजींची विद्या आणि त्यातल्या सांदीफटींतून जे सांडतं तीच त्यांची दक्षिणा. धान्य सगळीकडे एकाच वजनावर विकायचं, हा कायदा व्हायला 1921 साल उजाडलं, तोवर शेटजींची दोन पिढ्यांची सोय झालेली होती.

18 स्टोन म्हणजे 114 किलो. हे पोतं पाठीवर घेऊन हमाल कोठाराची शिडी चढायचा. शेटजी खाली उभे राहून ‘सांभाळून’ म्हणायचे. हमालाला वाटे आपल्याला म्हणतायत. ते पोत्याला म्हणत.

पोत्यांचा विषय निघालाच आहे तर थांबूया, कारण शेटजींच्या आयुष्यातलं खरं महाभारत बारदानाचं. पोती भाड्याची. शेतकऱ्याकडे रिकामी जायची, भरून यायची, आणि परत न आलेल्या पोत्यामागे दिवसाचं भाडं चढत राहायचं. पण शेतकऱ्याच्या घरी रिकामं पोतं आलं की ते पोतं राहतच नाही. पावसात ते गड्याच्या डोक्यावर जातं, चिखलात दारापुढे अंथरलं जातं, हिवाळ्यात कुत्र्याखाली आणि घोड्यावर. शेटजी वसुलीला गेले की त्यांना आपलं नाव छापलेलं पोतं मेंढीच्या पिल्लाच्या अंगावर दिसतं. शेतकऱ्याला विचारावं तर तो म्हणतो, ‘पोती? कुठली पोती?’ पिल्लू तेवढ्यात वळतं आणि शेटजींना स्वतःचं आडनाव स्पष्ट वाचता येतं.

दुपारी एकला मात्र भांडण तहकूब. बाजारच्या दिवशी खानावळीत ठरल्या दराचं जेवण असे, एका लांब टेबलाशी सगळे. भाजलेलं गोमांस, बटाटे, बिअर. सकाळी ज्याला लुटारू म्हटलं त्यालाच आता मोहरी पुढे सरकवायची. आदल्या हंगामाची उधारी इथेच फिटते किंवा पुढे ढकलली जाते. शेटजी धान्य घेतात आणि बदल्यात बी, खत, पेंड देतात. खतावणीत दोन्ही बाजू एकमेकींना खात राहतात, त्यामुळे वर्षाअखेरीस शेतकऱ्याच्या हातात पैशांपेक्षा कागदच जास्त. आपल्या सावकारी पेढीचा वास तुम्हाला आला असेल, तर नाक बरोबर आहे.

एका माणसाला मात्र शेटजींचा भाव वाढावा असं अगदी मनापासून वाटायचं. गावचा पाद्री. 1836 च्या कायद्याने पाद्र्याचा दशमांश धान्यात न घेता पैशात घ्यायचा ठरला, आणि तो पैसा गहू, बार्ली, ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावावर बांधला गेला. ती सरासरी कुठून यायची? ठरलेल्या गावांतले व्यापारी दर आठवड्याला सरकारी तपासनिसाकडे खरेदी लिहून देत, त्याचे आकडे लंडन गॅझेटमध्ये छापत. म्हणजे शेटजींनी बुधवारी शेतकऱ्याला पाडून घेतलेला शिलिंग सात वर्षांच्या चाळणीतून गळत गळत पाद्र्याच्या पगारातून कमी व्हायचा. पाद्री पैशाच्या मोहावर प्रवचन द्यायचा तेव्हा शेटजींना आपल्याकडेच बघतोय असं वाटे, ते उगाच नव्हे. मूळ 100 पौंडांची रक्कम शतक संपताना सत्तरीच्या खाली आली होती. एवढ्या उतारानंतर कुणाचीही श्रद्धा खोल होईल.

आता शेटजींची दुसरी बाजू सांगायला हवी, ती म्हणजे विष्ठेची. 1840 पासून पुढे शेतीचं शास्त्र निघालं आणि पेरूच्या बेटांवरून समुद्रपक्ष्यांची विष्ठा जहाजांनी यायला लागली. तिचं नाव ग्वानो. वास असा की गोदीवरची माणसं पगार वाढवून मागत असतील तर मला नवल वाटणार नाही. मग सफकच्याच जमिनीत काही गोळे सापडले. बकलँड नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने असल्या गोळ्यांना प्राचीन प्राण्यांची विष्ठा ठरवून कोप्रोलाइट असं नाव दिलं होतं. लॉझ नावाच्या गृहस्थांनी 1842 मध्ये गंधकाच्या आम्लाने फॉस्फेट विरघळवून खत करण्याचं पेटंट घेतलं होतं, आणि इप्सविच भागात या गोळ्यांचे कारखाने निघाले. इप्सविचमध्ये आजही कोप्रोलाइट स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथल्या रहिवाशांनी पत्ता सांगताना आवाज लहान करावा, एवढंच.

माल परदेशचा आणि महाग म्हटल्यावर भेसळ आलीच. ग्वानोत वाळू, विटांची भुकटी, जिप्सम. बियाण्याची कथा याहून सुरस. सलगमाच्या महाग बियात तशाच दिसणाऱ्या मोहरीच्या जातीचं स्वस्त बी मिसळायचं, पण ते उगवून पितळ उघडं पडू नये म्हणून आधी भाजून मारून टाकायचं. पेरलं ते उगवलं नाही तर दोष हवामानाला. पार्लमेंटला 1869 साली बी मारण्याविरुद्ध कायदा करावा लागला. माणूस मारण्याविरुद्धचा आधीपासून होता. आमचे शेटजी यातले नव्हते, असं ते म्हणत. शेजारच्या गावचे व्यापारी होते. शेजारच्या गावचे व्यापारीही हेच म्हणत, फक्त गावाचं नाव बदलून.

पुढे शेतकरी-संस्थांनी रसायनशास्त्रज्ञ नेमले. राजेशाही कृषी संस्थेचे डॉक्टर फोल्कर पेंडीचे आणि खताचे नमुने तपासून पत्रकात टीका छापायचे. तीस वर्षं ज्यांनी दुसऱ्याचा दाणा चावून नाक मुरडलं, त्यांच्या मालाकडे आता कुणीतरी काचेच्या नळीतून बघून नाक मुरडत होतं. शेटजींना हा विद्येचा अपमान वाटला. ‘चावून बघितलं असतं तर कळलं असतं,’ ते म्हणाले. विषय ग्वानोचा चालला होता, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

पण शेटजींना खरा धक्का बसला तो 1879 साली. त्या उन्हाळ्यात पाऊस थांबेचना. पीक शेतात कुजलं. शेटजींनी धंद्याचा सनातन नियम लावला, पीक बुडालं की भाव चढणार, आणि महाग घेऊन कोठार भरलं. पाऊस पडत राहिला, त्यांचं मन मोहरत राहिलं. आणि भाव? क्रिमियाच्या लढाईत, 1855 मध्ये, क्वार्टरला 74 शिलिंग 8 पेन्स मिळाले होते. 1879 ची सरासरी निघाली 43 शिलिंग 10 पेन्स, आदल्या वर्षाहूनही कमी. अमेरिकेत पाऊस पडला नव्हता ना! तिथला गहू जहाजं भरभरून येत होता. सफकचं आभाळ आणि सफकचा भाव यांचा काडीमोड झाला होता आणि कुणी शेटजींना कळवलं नव्हतं. अशाच हवामानावर सट्टा लावून बुडालेला धान्यव्यापारी हार्डीने 1886 च्या कादंबरीत उभा केला, पण तो दारू पिऊन बायको विकणारा. आमचे शेटजी सभ्य होते. ते फक्त हवामानयंत्र विकायला निघाले.

याच सुमाराला शेटजींच्या मेजावर आपली गाठ पडते. 1869 मध्ये सुएझ कालवा उघडला, 1873 मध्ये हिंदुस्थानातल्या गव्हावरचा निर्यातकर उठला, आणि मुंबई बंदरातून गहू विलायतेला निघाला. नागपूरकडची जवस तर त्याआधीपासून जात होती. तिचं तेल निघायचं आणि पेंड सफकच्या बैलांना घातली जायची. आपल्या गव्हाची मात्र एक गंमत होती. लंडनच्या करारात शंभरात पाचपर्यंत कचरा चालेल असं कलम होतं. मग स्वच्छ गहू पाठवणारा मूर्ख ठरायचा, कारण स्वच्छतेला ज्यादा दाम नाही. तेव्हा आपल्या व्यापाऱ्यांनी पाचाचा मान राखला आणि जिथे कमी पडेल तिथे मातृभूमीची माती घातली. यावर लंडनमध्ये बैठका झाल्या. तिकडे विलायतेच्या गिरणीवाल्यांना हा गहू आवडायचा, कारण तो इतका कोरडा असे की दळण्याआधी त्यात भरपूर पाणी जिरवता यायचं, आणि पीठ वजनावर विकलं जायचं. इकडून माती, तिकडून पाणी. दोन्ही टोकांना शेटजींचेच भाऊबंद.

1894 साल. गव्हाची वर्षाची सरासरी 22 शिलिंग 10 पेन्स. बाजाराची इमारत तीच, घंटा तीच, मेजं अर्धी रिकामी. शेटजी आता गहू कमी घेतात, पेंड आणि खत जास्त विकतात. इप्सविचहून गिरणीवाल्याचा माणूस कागदी पुडी आणून ठेवतो. शेटजी दाणे तळहातावर ओततात, हलवतात, फुंकतात. वास घेतात. पातळ, फिकट, कोरडा ठणठणीत दाणा. दाढेखाली घेतात.

कर्र.

ते थुंकतात. तळहातावर मातीचा बारीक खडा. बाजूला एक म्हातारा सफकी शेतकरी आपली पिशवी घेऊन कधीचा उभा आहे. पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घरचा गहू इथे ‘बरा’ ठरत आलेला आहे.

‘कुठला हा?’ शेतकरी विचारतो.

‘मुंबईचा.’

‘कसा आहे?’

शेटजी जिभेने दाढ चाचपतात, पुडीवरचा भाव पुन्हा वाचतात, आणि खिडकीबाहेर न बघता म्हणतात, ‘चांगला आहे.’