लिफ्टमधला अहवाल

धुळीशी माझ्या नाकाचं पिढीजात वैर आहे. सकाळी पांघरुणाची घडी घातली, की शिंकांची सरबत्ती सुरू. पुण्यातल्या आमच्या सोसायटीला त्याची सवय होती. पण जानेवारी 2022मध्ये ओमायक्रॉनची लाट आली आणि मी शिरलो की लिफ्ट रिकामी होऊ लागली.

मी तळमळीनं समजावत असे. ''ॲलर्जीत डोळे खाजतात, नाक पाण्यासारखं गळतं, पण ताप येत नाही. ताप, अंगदुखी असेल तर...'' तेवढ्यात शिंक येई आणि श्रोते जिन्यानं पसार होत. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. नाक गळणं, घसा खवखवणं, शिंका ही ओमायक्रॉनचीही लक्षणं होती. नुसतं बघून निदान करायची सोयच उरली नव्हती.

बायकोनं हिंगाची डबी नाकाखाली धरली. ''येतोय वास?''

चोंदलेल्या नाकाला कसला वास? नाक मोकळं असून वास गेला, तर कोरोनाचा संशय जास्त. म्हणून आधी वाफ घेतली. नाक मोकळं झालं, हिंगाचा भपकारा थेट मेंदूत गेला आणि अर्धी डबी ओट्यावर उधळली. वास शाबूत होता, हिंग गेला.

मग अडीचशे रुपयांचं घरगुती टेस्ट किट आणलं. काडी नाकपुडीत गोल फिरवायची होती. पण ज्या नाकाला धुळीचा कण सोसत नाही, त्याला काडी काय सोसणार? किट वाया. दुसरं आणलं. त्यात 'सी'समोर एकच रेघ, म्हणजे निगेटिव्ह! फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. सेक्रेटरींचं उत्तर आलं, ''लक्षणं असताना किट निगेटिव्ह आलं, तर आरटीपीसीआर करावी लागते.'' नियम खरंच तसा होता. खोकणाऱ्यांच्या रांगेत तासभर उभा राहून तीही केली. निगेटिव्ह! अहवालाची प्रत मी लिफ्टच्या आरशावर चिकटवली.

काही दिवसांनी सकाळी पांघरुणाची घडी घातली, तरी घर शांत. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. ''अहो, शिंकला नाहीत? बरं नाहीये का?'' तिनं कपाळाला हात लावला. कपाळ तापलं होतं आणि घशात काटे रुतत होते. किटवर पाहता पाहता दोन ठसठशीत रेघा उमटल्या.

7 दिवस खोलीत कोंडून घ्यावं लागलं. मी निगेटिव्ह असल्याची ग्वाही तेवढे दिवस लिफ्ट देत राहिली.