पीडी सर ग्राउंडवर आहेत

पीएच.डी.साठी माणसं निवडायची तर बसून काम करणारी निवडावीत. ग्रंथपाल घ्या, निदान जागेवर सापडतात. मी घेतले महाविद्यालयांचे शारीरिक शिक्षण संचालक, म्हणजे आपले पीडी सर. विषय : विद्यार्थ्यांच्या फावल्या वेळाची सोय बघणाऱ्यांचा स्वतःचा फावला वेळ.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं. आमच्या संभाजीनगरसह जालना, बीड, धाराशिवची महाविद्यालयं त्याच्याच कक्षेत, त्यामुळे कागदावर नमुना निवड झकास झाली. प्रत्यक्षात ऑफिसात गेलं की शिपाईमामा सांगतात, "सर ग्राउंडवर." ग्राउंडवर पोरं सांगतात, "सर टीम घेऊन बीडला." विद्यापीठाच्या आवारात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे, तिथे धावपटूंचा वेग मोजतात. पीडी सरांचा कोण मोजणार?

बाकी महाराष्ट्राला झेंडावंदनं तीन. मराठवाड्याला १७ सप्टेंबरचं, मुक्तिसंग्राम दिनाचं, चौथं. म्हणजे संचलनाची एक तालीम जादा आणि माझी एक मुलाखत रद्द. शिवाय शिस्त समिती, गॅदरिंगमधली स्टेजसमोरची गर्दी. आवाज मोठा, एवढ्या पात्रतेवर ही कामं त्यांच्या गळ्यात पडतात.

रेन्सिस लिकर्टने १९३२ मध्ये 'पूर्णतः सहमत' ते 'पूर्णतः असहमत' अशी मापनश्रेणी मांडली. आमच्याकडची भीड त्याने पाहिली नव्हती. माझ्या प्रश्नावलीत एका सरांनी सरसकट 'पूर्णतः सहमत'वर खुणा केल्या. त्यात 'मला पुरेसा वेळ मिळतो' आणि 'मला अजिबात वेळ मिळत नाही' ही मुद्दाम पेरलेली दोन्ही विधानं होती. विचारलं, तर म्हणाले, "तुमचं काम अडायला नको."

दुसरे सर चोखंदळ. 'मैदानासाठी पुरेसा निधी मिळतो का?' इथे पेन थांबलं. प्राचार्यांच्या केबिनकडे बघत त्यांनी विचारलं, "नाव गुप्त राहील ना?"

"शंभर टक्के. फक्त पद आणि कॉलेज लिहा."

"अहो, या कॉलेजात पीडी मी एकटाच आहे!"

संशोधन पद्धतीच्या जाडजूड पुस्तकात यावर उतारा नाही. प्रश्न कोरा राहिला. मग सरांनी फॉर्मची घडी करून ट्रॅकसूटच्या खिशात घातली. "हे नंतर बघू. खो-खोला गुणलेखक कमी पडलाय, चला."

दिवे लागेपर्यंत मी गुण मांडत होतो. फॉर्म खिशातच राहिला, पण पंचमंडळात काम केल्याचं प्रमाणपत्र मात्र तिथल्या तिथे मिळालं. मार्गदर्शकांनी ते बघून मान डोलावली, "परिशिष्टात लावा. सही-शिक्क्याचा तेवढाच कागद आहे तुमच्याकडे."