सरासरी हक्क

कर्नाटकच्या गृहज्योती योजनेत जुलै 2023 पासून घरगुती विजेचे 200 युनिटपर्यंतचे बिल सरकार भरते. अर्थात सगळ्यांचे 200 नव्हेत. 2022-23 मधला ग्राहकाचा सरासरी मासिक वापर आणि वर दहा टक्के, एवढाच त्याचा हक्क. दोन दिवे, एक पंखा अशा 40 युनिटांत भागवणाऱ्या घराच्या पदरात सुरुवातीला 44 पडले. गिझर, वॉशिंग मशीन चालवून 180 जाळणाऱ्याच्या पदरात 198. काटकसरीची शिक्षा इतक्या काटेकोर हिशेबाने क्वचितच झाली असेल. 44 च्या घरात फ्रिज आला, तर वरचे प्रत्येक युनिट स्वतःच्या खिशातून. लक्ष्मणरेषा मात्र दोघांना सारखीच: 200 ओलांडले की त्या महिन्याचे पूर्ण बिल हातात. त्यामुळे महिनाअखेरीस 195 वर पोचलेल्या घरात इस्त्री कपाटात जाते. वीजबचतीचा असा प्रचार कोणत्याही जाहिरातीला साधलेला नाही. उत्पन्न किती, हे अर्जात कोणी विचारत नाही. आधार आणि ग्राहक क्रमांक पुरतो. जानेवारी 2024 मध्ये मंत्रिमंडळाने कमी वापराच्या घरांना दहा टक्क्यांऐवजी दहा युनिट वाढवून देण्याचे ठरवले. म्हणजे 44 चे 50 झाले. फ्रिजने अजून थोडे थांबावे.