जळतंय की गळतंय?

पिकअपचं बॉनेट उघडलं की हा माणूस जमिनीतून उगवतो. बोईसरचा नवापूर नाका असो, पालघरचा माहीम रस्ता असो, नाहीतर मनोरची हायवेवरची टपरी. तुमचा चहा अजून अर्धा असतो आणि तुमच्या गाडीची ऑइलची काठी ह्याच्या हातात असते. बोलावलेलं कुणीच नसतं. साठी उलटलेली, खिशात टेस्टर आणि तोंडी एकच प्रश्न : "जळतंय की गळतंय?" आमच्याकडे त्यांना काठीकाका म्हणतात. तुमच्या नाक्यावर दुसरं काही म्हणत असतील.

शेजाऱ्याची बोलेरो पिकअप घोलवडचे चिकू भरते. ती ऑइल खायला लागली. गॅरेजवाल्याने बॉनेटला हातही न लावता निदान केलं, "रिंगा गेल्या. हाफ इंजिन काढावं लागेल." शेजारी बिचारा कुणाकडून किती उसने मिळतील याचा हिशोब करत होता, तेवढ्यात काका आलेच.

"हजार किलोमीटरला किती टाकतोस?"

"काका, आठवड्याला लिटरभर जातं."

"इंजिनाला वार कळतात काय रे? किलोमीटर सांग!"

किलोमीटर कुणालाच ठाऊक नव्हते. काकांनी गाडी सपाट जागेवर घ्यायला लावली, इंजिन बंद करवलं आणि ऑइल खाली चेंबरमध्ये उतरेपर्यंत सगळ्यांना ताटकळत ठेवलं. मग माझ्या खिशातला रुमाल काढून काठी पुसली. गॅरेजचं फडकं त्यांना चालत नाही. मळक्या कापडावर काय दिसणार म्हणे. काठी घालून पुन्हा काढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर! जास्त असलेलं बरं, म्हणून ड्रायव्हरने ओतलेलं. "पंगतीत बसलंय का इंजिन, आग्रह करायला? जास्तीचं ऑइल क्रँक घुसळतो आणि ते ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या श्वासाच्या नळीतून, पळतं."

मग इंजिन चालू करून त्यांनी ऑइल भरायचं झाकण काढलं आणि तोंडावर नुसतं उलटं ठेवलं. झाकण उड्या मारायला लागलं. "बघा, बॅक कॉम्प्रेशन! रिंगांतून हवा खाली येतेय!" गॅरेजवाला खुलला. काकांनी इंजिन बंद करवून ब्रीदरची नळी सोडवली. आत काळा चिखल गच्च बसलेला. नळी डिझेलने धुतली, फुंकून पाहिली, परत लावली. ह्या खेपेला झाकण जागच्या जागी थरथरलं, बस्स. रिंगा शाबूत होत्या. रुमाल मात्र मला परत मिळाला नाही.

ही विद्या त्यांनी इंजिनापुरती ठेवली असती तर मी हे लिहिलंच नसतं. रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवायचा आणि सकाळी त्यावरचे थेंब वाचायचे, हे समजू शकतो. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर आला तर व्हॉल्व्हची सीलं, भरल्या गाडीने चढ चढताना आला तर रिंगा, काळा असेल तर तो डिझेलचा, ऑइलचा नव्हे, हेही ठीक. पण साखरपुड्यात? मुलाचे वडील कौतुकाने म्हणाले, "पगार चांगला आहे, महिनाअखेर काही उरत नाही एवढंच." मागून आवाज आला, "जळतोय की गळतोय?" मुलीकडची माणसं गंभीर झाली. नळाला पाणी आलं नाही, जळतंय की गळतंय? शिबिरात रक्त कमी निघालं, तर डॉक्टरीणबाईंनाही तेच. त्यांनी शांतपणे विचारलं, "काका, तुम्ही कोण?"

एकदाच त्यांनी प्रश्न विचारला नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात आमचं तारापूर देशातल्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत पहिलं आलं होतं, ती बातमी टपरीवर कुणीतरी वाचून दाखवली. काकांनी चहा संपवला, ग्लास ठेवला. "इथं दोन्ही," म्हणाले आणि उठून गेले.

ह्या माणसाकडे स्वतःची गाडी नाही. होती. सातपाटीची मासळी भरायची. ऑइल खाते म्हणून एका मेकॅनिकने इंजिन उतरवलं, बोअर केलं, स्लीव्ह टाकल्या, काकांनी व्याजाने पैसे आणून बिल भरलं. गाडी पुन्हा ऑइल खायला लागली, कारण फाटका एअर फिल्टर तसाच होता आणि चिल्हार रस्त्याची धूळ नव्या रिंगांनाही जुन्यांसारखीच घासत होती. हप्ते थकले. फायनान्सवाले गाडी घेऊन गेले. हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही, टपरीवाल्याने सांगितलं, तेही काका लघवीला गेले असताना. एवढं कळल्यावर मी दोन रुमाल बाळगायला लागलो. राग अजून येतो, पण दुसरा रुमाल त्यांचा.

तेव्हा गाडी ऑइल खात असेल आणि गॅरेजवाला हेड खोलू म्हणत असेल, तर होकार देण्याआधी किलोमीटर लिहून ठेवा, एअर फिल्टर उजेडात धरून बघा आणि ब्रीदरची नळी फुंकून बघा. त्याचे पैसे पडत नाहीत.