आबा विमान उतरवतात

नंदुरबार जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. विमान पकडायचं तर आधी रेल्वेने सुरत गाठायची. त्यामुळे विमान कसं उतरवावं याबद्दल इथे जेवढी खात्री आढळते तेवढी मुंबईत आढळत नाही, आणि या खात्रीचे शहाद्यातले घाऊक व्यापारी म्हणजे आमचे आबा.

आबांची पपई आहे, केळी आहे, थोडा ऊस आहे. ही तिन्ही पिकं गडी आणि मुलगा मिळून बघतात. आबा बघतात ते जगाकडे. एसटीत चढले की ड्रायव्हरच्या मागची सीट त्यांचीच. गाडी ड्रायव्हर चालवतो, ब्रेक आबा दाबतात. तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैलीचा घाट लागतो. त्या घाटात आबांचा उजवा पाय इतक्या वेळा खाली गेला आहे की आता ते बिनदिक्कत सांगतात, “चांदसैलीतून गाडी काढलेला माणूस आहे मी.” काढली ड्रायव्हरने, पण तो बिचारा पुढे बघत असतो. मागे काय चाललंय ते त्याला ठाऊक नाही.

विमानाचा विषय निघाला तो चहाच्या टपरीवर. २०२३ च्या सुरुवातीला अमेरिकेत एक पाहणी झाली होती. ऐन आणीबाणीत, खालून कोणी सूचना देत असेल, तर प्रवासी विमान सुखरूप उतरवू शकाल का, असा प्रश्न होता. जवळजवळ निम्मे पुरुष म्हणाले, हो. बायकांत असं म्हणणारी पाचात एक. आबांनी कपातला चहा बशीत ओतला आणि विचारलं, “मग बाकीचे निम्मे पुरुष काय करतात?”

“आबा, तुम्ही उतरवाल?”

“त्यामा काय शे?”

हा आबांचा ठरलेला शब्द. बोअरची मोटर जळो, तहसीलदाराची सही अडो, भाच्याचं लग्न मोडो, त्यामा काय शे? आणि पुढे पुरावे. १ जानेवारी २०१८ ला लंडनहून मुंबईला येणाऱ्या विमानात दोन वैमानिकांचं भांडण झालं आणि काही वेळ दोघंही कॉकपिटबाहेर होते, ही बातमी त्यांना पाठ आहे. “खुर्च्या रिकाम्या, पोटात तीनशेवर माणसं, तरी मुंबईला पोचलं का नाही? मी तर खुर्चीत बसायला तयार आहे!” कांदिवलीत चारकोपला अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, हा दुसरा. यादव स्वतः वैमानिक, एवढाच तपशील आबा गाळतात. मग १८९५ चे शिवकर बापूजी तळपदे आणि गिरगाव चौपाटी. त्या उड्डाणाचा भक्कम पुरावा कुणाला मिळालेला नाही, आणि दंतकथेतसुद्धा ते विमान शेवटी खालीच पडतं, हे मी नजरेस आणून दिलं.

“तेव्हा मी नव्हतो,” आबा म्हणाले.

सगळ्यात शेवटी टेंभली. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. त्याचा विमानाशी काय संबंध? आबांच्या मते सरळ आहे. पहिलेपणाचा मान या तालुक्याला एकदा मिळाला, तर दुसऱ्यांदा का मिळू नये?

मान शिल्लक आहे, हे मात्र खरं. विमान चालवायचं काहीच शिक्षण नसलेल्या प्रवाशाने मोठं प्रवासी विमान उतरवल्याची नोंद जगात नाही. २००५ साली ग्रीसला निघालेल्या एका विमानात हवेचा दाब गेल्याने वैमानिकांसकट जवळजवळ सगळे बेशुद्ध पडले, तेव्हा एक विमानसेवक कॉकपिटात शिरला होता. त्याच्याकडे विमान चालवण्याचा परवानाही होता. पण तोवर इंधन संपत आलं होतं. १२१ माणसं गेली. यावर आबा काही बोलले नाहीत. टोपी काढून पुन्हा घातली.

फ्लोरिडाचं ऐकल्यावर मात्र ते पुन्हा सावरून बसले. मे २०२२ मध्ये तिथे वैमानिक आजारी पडला आणि एका प्रवाशाने विमान खाली आणलं. “बघ!” बघितलं. ते एका इंजिनाचं छोटं विमान होतं, आणि खालून बोलणारा नियंत्रक स्वतः विमान शिकवणारा होता. तो सांगत गेला, हा करत गेला.

“ऐकायचं काय त्यात? आपल्याला डोळे नाहीत का?”

पुण्याला इंजिनिअरिंग करणारा पुतण्या गणपतीला आला तेव्हा लॅपटॉपवर विमानाचा खेळ घेऊन आला. एअरबस, सुरतेची धावपट्टी, दोघं वैमानिक बेशुद्ध. आबांनी धोतर सावरून आसन घेतलं.

“आधी दार. कॉकपिटचं दार आतून बंद असतं, आबा.”

“हाक मारीन.”

“बेशुद्ध आहेत ते.”

“तू पुढे चल.”

पुतण्याने दार माफ केलं. विमान ऑटोपायलटवर शहाण्यासारखं चाललं होतं. आबांनी हात घातल्या घातल्या दांडी पिळली. ऑटोपायलट सुटला, भोंगा वाजला. आबांना वाटलं, हॉर्न सापडला. मग ते टॉवरशी बोलू लागले, बटण न दाबता, म्हणजे अख्ख्या आळीने ऐकलं, टॉवरने नाही. जमिनीजवळ येताना वेग ताशी अडीचशे किलोमीटर असतो हे कळल्यावर त्यांनी एकच चौकशी केली, “समोरून काही येत नाही ना?” धावपट्टी बाजूने निघून गेली. “जाऊ दे, तापीत उतरवतो. अमेरिकेत त्या सलेनबर्गरने हडसन नदीत उतरवलंच होतं की!” तापीही मागे राहिली. खंबातच्या आखातात आबांनी जाहीर केलं, “लॅपटॉप स्लो आहे रे तुझा.”

मोठी विमानं आपली आपण उतरू शकतात. लंडनला प्रवाशांसकट असं उतरणं १९६५ सालीच झालं. पण विमानतळावर तशी यंत्रणा हवी, आणि कॉकपिटात कोणीतरी नेमका आकडा भरायला, वेळेवर फ्लॅप आणि चाकं सोडायला हवं. हे पायरीपायरीने सांगितलं तर एखाद्या नवख्यालाही कदाचित जमेल. म्हणून दुसऱ्या डावात पुतण्या टॉवर झाला.

“वेग कमी करा.”

“आत्ताच? अजून सुरत लांब आहे.”

“फ्लॅप एक.”

“एकदम दोन टाकू, काम उरकेल.”

“आबा, चाकं!”

“तू चाकांचं मला सांगू नको. मी चांदसैलीतून...”

तोवर इंधन संपलं. आतून काकूंनी विचारलं, पोचले का, का अजून वरच आहेत?

दिवाळीनंतर आबा खरोखरच विमानात बसले, सुरतेहून दिल्लीला, भाचीच्या लग्नासाठी. परतताना सुरतेत चाकं टेकताच इंजिनं गरजली, आबांचा उजवा पाय पुढच्या सीटखाली रुतला. दाराशी वैमानिक उभी होती, पंचविशीतली पोरगी. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “छान उतरवलंस बेटा. ब्रेक जरा जोरात लागला.”

“अंकल, वो ब्रेक नहीं, रिव्हर्स थ्रस्ट की आवाज थी,” ती हसून म्हणाली.

आबांनी मान डोलावली, जणू तिची परीक्षाच घेत होते. तापी लाइनच्या गाडीत बारडोलीपर्यंत ते गप्प होते. व्याऱ्याला शेजारच्याला विचारलं, रिव्हर्स थ्रस्ट माहीत आहे का? नवापूरचं स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात. गाडी तिथे थांबली तेव्हा आबा उभे राहून दोन्ही राज्यांतल्या प्रवाशांना समजावत होते की त्या पोरीने तो नेमका कुठे उशिरा सोडला.