सोसायटीतला मत्स्यावतार

मनूच्या ओंजळीत आलेला मासा आधी घड्यात मावेना, मग खड्ड्यात मावेना, शेवटी त्याला समुद्रात सोडावं लागलं. भाईंदरच्या नवघर रोडवरच्या सोसायट्यांत ही कथा उलटी घडते. इथे माशासाठी समुद्रच घरात आणतात. सुरुवात मुलीच्या वाढदिवसाला आणलेल्या गोल्डफिशने होते. मग दोन फुटी टाकी, मग चार फुटी, मग क्रॉफर्ड मार्केटच्या फेऱ्या, आणि एका रविवारी हॉलमधलं शोकेस जाऊन तिथे निळ्या दिव्याखाली प्रवाळ डुलू लागतं. त्या दिवसापासून सोसायटी त्या गृहस्थाला मत्स्यावतार म्हणते.

त्याला ओळखणं सोपं. खिशात पेन नसेल, पण टीडीएस मीटर असतं. तुमच्याकडे पाणी पिण्याआधी तो ते पेल्यात बुडवतो आणि आकडा बघून तुमच्याकडे सहानुभूतीने पाहतो. पाहुण्यांना तो मासे दाखवत नाही. टाकीखालचं कपाट उघडून संप, म्हणजे पाणी गाळणारी खालची टाकी, दाखवतो. ‘नीमो कुठंय?’ विचारणाऱ्या मुलांना ‘असेल तिथेच’ म्हणून वाटेला लावतो. आपल्या समुद्रातलं प्रवाळ उचलणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, म्हणून आपल्याकडच्या प्रत्येक तुकड्याची पावती त्याने फाइलला लावली आहे. फ्लॅटचे कागद कुठे आहेत, ते वहिनींना विचारा.

त्याचा एकमेव शत्रू म्हणजे बाष्पीभवन. ज्या भाईंदरने मिठागरांत खाडीचं पाणी उन्हात आटवून पिढ्यानपिढ्या मीठ काढलं, त्याच भाईंदरात हा एकटा माणूस पाणी आटतंय म्हणून रात्री उठतो. शास्त्र दोन्हीकडे एकच: पाणी उडतं, मीठ मागे राहतं. त्याच्या 200 लिटर पाण्यात, लिटरला 35 ग्रॅम धरून, 7 किलो मीठ आहे. मे महिन्यात पाणी गार ठेवायला लावलेल्या पंख्यामुळे दिवसात 4 लिटर उडालं की खारटपणा 35.7 वर जातो. हा आकडा तो घरात कुणाला ताप चढल्यासारखा सांगतो. म्हणून जेवढं उडालं तेवढं पाणी लगेच परत घालायचं, आणि तेही गोडं. खारं घातलं तर मीठ वाढतच जाईल. नळाचंही चालत नाही, आरओ-डीआयमधून काढलेलं शून्य टीडीएसचंच लागतं. एक लिटर शुद्ध पाण्यामागे आरओ दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. पाण्याची वेळ सांभाळून जगणाऱ्या सोसायटीत हे कळलं तेव्हा कमिटीने खास मीटिंग बोलावली. तेव्हापासून त्या पाण्याने वहिनी लादी पुसतात आणि उरलेली बादली सेक्रेटरीच्या तुळशीला जाते.

रोज हाताने पाणी घालायचा कंटाळा आला, तसं त्याने आपोआप पाणी भरणारं यंत्र बसवलं. पहिल्या यंत्रात एकच फ्लोट स्विच होता आणि शेजारी 80 लिटरचा ड्रम. एका रात्री फ्लोटवर गोगलगाय चढून बसली. फ्लोट खाली दबला, यंत्राने पाणी कमी आहे असं समजून पंप चालू केला, आणि गोगलगायीला उतरायची घाई नव्हती. सकाळी खालच्या काकूंच्या नव्या पीओपीवर भारताचा नकाशा उमटला होता, श्रीलंकेसकट.

त्यानंतर त्याचा कशावरच विश्वास उरला नाही, आणि तेव्हाच त्याचं यंत्र विश्वासाचं झालं. आता पाण्याची पातळी बघायला ऑप्टिकल सेन्सर आहे. तो फसला तर थोडा वर, गोगलगाय शिरणार नाही अशा जाळीत, फ्लोट आहे. तोही फसला तर मिनिटभरात पंप बंद करणारा टायमर आहे. नळीचं तोंड संपमधल्या आणि साठ्यातल्या, दोन्ही पाण्यांच्या वर धरलंय, म्हणजे पंप थांबल्यावर सायफन लागत नाही. आणि ड्रम जाऊन 20 लिटरचा कॅन आला. सगळं फसून कॅन पूर्ण रिकामा झाला, तरी तेवढी जागा संपमध्ये मोकळी ठेवली आहे. खारटपणा 32 च्या आसपास उतरेल. मासे वाचतील आणि पीओपीही.

वार्षिक सभेत त्याने हे सगळं गच्चीवरच्या टाकीलाही लावून दाखवलं. ती टाकी रोज सकाळी वाहते, कारण तिचा सगळा भार एका बॉलकॉकवर आणि एका वॉचमनच्या झोपेवर आहे. ‘एकाच स्विचवर विसंबायचं नाही,’ तो कळवळून म्हणाला. सभेने टाळ्या वाजवल्या आणि पार्किंगचा विषय घेतला.

कॅन लहान केल्याचा भुर्दंड मात्र घरच्यांना पडला. तो पाचच दिवस पुरतो, पावसाळी हवेत फार तर सहा. त्यामुळे यांचा गावचा गणपती पाच दिवसांचा झाला. सासूबाईंना वाटतं, ती घराण्याची रीतच आहे. आरतीच्या वेळी हे डोळे मिटून हात जोडत नाहीत. मोबाइलवरच्या कॅमेऱ्यात कॅनची पातळी बघतात.

उद्या तुमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये असा मत्स्यावतार राहायला आला तर घाबरू नका. माणूस निरुपद्रवी असतो, शिवाय कधीतरी तुमच्या आरओची कॅन्डलही फुकटात बदलून देतो. फक्त पहिल्याच भेटीत विचारून घ्या, ‘कॅन किती लिटरचा?’ उत्तर विसाच्या वर गेलं, तर पीओपीचं काम पुढच्या वर्षावर ढकला.